आपा गड चढली तेव्हा

जुबेदाआपाच्या नवऱ्याचा, युसूफभाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, जुबेदा गेली..." एवढंच ते बोलू शकले. पहाटेच्या नमाजेला ती उठलीच नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. त्याला आता महिना उलटून गेला. पडेगावच्या आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं हसलं की अजून वाटतं, आपा आली.

एकाच शाळेत आम्ही उभी हयात काढली. ती भूगोल शिकवायची. दौलताबादचा किल्ला फळ्यावर असा काढायची, की मुलांना खंदकातलं पाणी दिसावं. स्वतः मात्र कधी वर गेली नव्हती. अंग जड, त्यात मधुमेह. दर सहलीला पायथ्याच्या लिंबाखाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसायची आणि म्हणायची, "मी गडाची राखणदार."

निवृत्तीनंतर साखर वाढतच गेली. गोळ्या वाढल्या, गुडघे धरले. मग कुणाकडून तरी ऐकून तिनं ठरवलं, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. "जन्मभर रोजे धरले की मी. हे काय लई अवघड हाय?" डॉक्टरांना न विचारता सुरू केलं, गोळ्या मात्र होत्या तेवढ्याच. एका सकाळी मी कढीपत्ता द्यायला गेले, तर ही ओट्याला धरून उभी. घामानं चिंब, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठं ती भानावर आली.

डॉक्टर चांगलेच रागावले. "पोट रिकामं आणि गोळ्या तेवढ्याच? साखर उतरून जिवावर बेतलं असतं." आपा मान खाली घालून ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मग सोडून देऊ का?" ते जरा निवळले. हे सगळ्यांना मानवत नाही, म्हणाले. पण गोळ्या कमी करून, साखर तपासत तपासत बघू.

तिला ते मानवलं. सोपं नव्हतं... दावतीत नान-खलियाच्या वासात ती पाण्याचा पेला घेऊन बसायची आणि दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढायची. हळूहळू कुडते ढगळे झाले. मधुमेह गेला नाही, पण ताब्यात आला. आणि एका थंडीत ती दारात येऊन म्हणाली, "सुनंदा, चल. गडावर."

बसत, उठत, दम खात चढलो. अंधाऱ्या वाटेत वटवाघळं फडफडली तशी तिनं माझा हात घट्ट धरला. वर पोचल्यावर बराच वेळ खाली काहीतरी शोधत राहिली. "ते बघ, माझं लिंबाचं झाड. केवढंसं दिसतंय गं!" हसता हसता तिचे डोळे भरून आले.

परवा संध्याकाळी भाजीचा डबा घेऊन युसूफभाईंकडे गेले. उजेड होता अजून, पण त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं. आपा असताना ते रात्री उशिराच जेवायचे, एकटे, टीव्हीसमोर.

"एवढ्या लवकर जेवलात?" मी विचारलं.

"ती रोज म्हणायची, कधी तरी माझ्यासोबत बसा. बसलो नाय तेव्हा," ते म्हणाले. "आता दिवस कलला की आपोआप पानावर बसतो, ताई."

माझा डबा त्यांनी उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.