तुडवलेला मोर
वायर जळाल्याचा वास आला की मला इंदूरच्या सुदामा नगरातला गणपतीचा मांडव आठवतो. महापालिकेच्या नियमाने मागे संकटकाळचं दार ठेवलं होतं, आणि जागा रिकामी दिसते म्हणून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नेमका तिथेच रांगोळीचा भला मोठा मोर काढला होता. पंख्याने पेट घेतला, धूर कोंडला, बायका त्या दाराकडे धावल्या आणि रांगोळीच्या कडेला थबकल्या. तुडवणार कोण? मी तेव्हा ऊठसूट ‘हो जी, हो जी’ करणारी गरीब गाय! पण तीच गाय मोरावर धपाधप पाय देत ओरडली, “चला गं, निकलो!” मागोमाग सगळ्या बाहेर. “माझा मोर तुडवलास?” अध्यक्षीणबाई खोकत कडाडल्या. “तुडवला जी! पुढच्या वर्षी काढा, परत तुडवीन.” आजही तशा दारात रांगोळी दिसली की नातवंडं आधी माझ्या चपला लपवतात. लपवू देत, मला अनवाणी चालता येतं.