अकरा फटके

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी माझ्या थोरल्या भावाला मिठागराच्या बांधावर मारलं. अकरा फटके. आकडा अंदाजाचा नाही. मारताना मी मोजत होतो.

ठाण्याच्या खाडीलगत आमचे वाफे शेजारी होते, मध्ये हातभर रुंदीचा बांध. माझ्या सहा वाफ्यांतलं मीठ दोन दिवसांत ओढायचं होतं. सकाळी पाहतो तर दादाच्या बाजूने भरतीचं पाणी शिरून सहाही वाफ्यांतलं मीठ विरघळलेलं. आठवड्यापूर्वी आमचं त्या बांधावरून भांडण झालं होतं. बांध त्यानेच फोडला हे ठरवायला मला तेवढं पुरलं. तो वाकून चिखल थापत होता. पहिला फटका मी पाठीत घातला, मीठ ओढायच्या फावड्याच्या दांड्याने. चौथ्याला त्याने उजवा हात आडवा धरला. सातव्याला हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानंतर मी आणखी चार घातले.

दुपारी ओहोटीला बांध नीट पाहिला. आरपार बिळं होती. खेकड्यांनी पोखरला होता, आणि दादा तो बुजवत होता.

कल्याणच्या हाडवैद्याने दादाचा हात तीनदा ओढला. तिसऱ्यांदा दादा शुद्धीवर नव्हता. कोपर वाकडं ते वाकडंच राहिलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेलो. पाद्रींपुढे पाप सांगताना ते किती वेळा केलं हेही सांगावं लागतं; बहुतेकजण ‘पुष्कळदा’ म्हणून सुटतात.

“अकरा,” मी म्हणालो. “शेवटचे चार वेगळे सांगतो. तेव्हा हात मोडल्याचं मला कळलं होतं.”

जाळीपलीकडे पाद्री पुढे वाकले. मग विचारलं, “पस्तावा आहे?”

“आहे.”

“मग देवाने क्षमा केली. प्रायश्चित्त म्हणून नमो मारियाच्या तीन प्रार्थना म्हण, आणि भावाला जाऊन भेट.”

“अकराला तीन?”

“अरे, हा काय बाजार आहे?” ते खेकसले. “ख्रिस्ताने खांबाला बांधून घेऊन मार खाल्ला, तो कमी पडला म्हणून तू भर घालणार? ऊठ!”

मी तीन नमो मारिया म्हटल्या. पटलं मात्र नाही. शनिवारी तोच दांडा घेऊन दादाच्या अंगणात गेलो आणि त्याच्यापुढे ठेवला.

“मार. अकरा.”

दादाने झोळीतल्या हाताकडे पाहिलं. “कुठल्या हाताने मारू रे? तूच सांग.”

वहिनी चुलीपासून उठून आली. “यांना जमत नसेल, मला जमतं, भाऊजी.” तिने दांडा उचलला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त आलं. मी मोठ्याने मोजत होतो. चौथ्याला दादा ओरडला, “पुरे!”

“अजून सात आहेत,” मी म्हणालो.

त्याने माझ्या छातीत लाथ घातली. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो, खुराडं मोडलं.

“सात? मी चिखलात पडलो होतो ना, तिथेच तुला माफ केलं होतं. आणि तू इथे मला आकडे ऐकवतोस? चालता हो!”

ईस्टरच्या मिस्सेच्या प्रार्थनेला मी देवळात शेवटच्या बाकावर बसलो. ख्रिस्तशरीर, म्हणजे पाद्री जिभेवर ठेवतात तो पवित्र भाकरीचा तुकडा, घ्यायला सगळे वेदीच्या कठड्याकडे निघाले. मी बसूनच राहिलो. पाद्रींनी पाप सोडलं होतं, भावाने सोडलं होतं, पण सात फटके शिल्लक ठेवून मी तोंड उघडणार नव्हतो.

दादा पुढे जाता जाता वळला. डाव्या हाताने त्याने मला बखोटीला धरलं.

“ऊठ.”

“दादा, सात...”

त्याने भर देवळात माझ्या तोंडावर थप्पड मारली. बायकांच्या बाजूला कोणीतरी किंचाळलं.

“देवाने क्षमा केली, मी केली. तू कोण रे नको म्हणणारा?”

त्याने मला फरफटत नेलं. बाही खांद्यापासून उसवली. कठड्यापाशी त्याने मला गुडघ्यांवर दाबलं आणि स्वतः शेजारी टेकला. त्याचं वाकडं कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं. माझा ओठ फुटला होता. रक्त गिळलं तर ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा उपास मोडतो का, हा प्रश्न मनात आला. विचारायला वेळ नव्हता. पाद्री समोर आले होते. मी तोंड उघडलं.