मोठ्या मामाजींचा अमेरिकेतला गोतावळा

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांत ज्याची ऊठबस जास्त, आणि मेलेल्यांकडूनच ज्याला जिवंतांची ओळख पटते, असा माणूस उभ्या वऱ्हाडात मी एकच पाहिला. ते माझ्या आत्याचे थोरले दीर. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाजी म्हणत असू, म्हणून हे मोठे मामाजी. पुढे नुसते मामाजी म्हणेन ते हेच. कामरगावला त्यांचे घर होते आणि घराच्या ओट्यावर त्यांचे राज्य. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नाही, शेती धाकट्या भावाने, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, सांभाळलेली. रिकामा माणूस एरवी तंबाखू चोळतो. हे लोकांचे पणजोबा शोधत. ओट्यावर आलेल्याला आधी पाण्याचा लोटा मिळायचा आणि ओठाला लावायच्या आत प्रश्न यायचा, "पंजोबाचं नाव काय?" नाव सांगता आले नाही तर पाणी नाकारत नसत, पण तो पीत असताना असे काही बघत की पाणी घशाखाली उतरू नये. कारंज्याच्या बाजारात कांदे घ्यायला म्हणून जात आणि कांदेवाल्याची मावससासू आपल्या आजोळची निघाली एवढेच घेऊन परत येत. आत्या म्हणायची, "भाऊजींले कांद्यात बी सोयरा सापडते, भाजी मातर सापडत नाही."

मी तेव्हा विशीतला. खांद्याला शबनम, शबनममध्ये पत्रके. दारूबंदी, देवळे सर्वांना खुली करणे, पोटजाती मोडणे, या सर्वांवर मी पत्रके लिहीत असे आणि अकोल्याच्या एका लहानशा छापखान्यात छापून घेत असे. जातकूळ नष्ट व्हावी म्हणून मी गावोगाव ओरडत फिरायचो आणि मुक्कामाला मात्र कूळ शोधणाऱ्या या माणसाच्या ओट्यावर. एकदा माझी झडती घ्यायला पोलीस जमादार तिथे आला. मामाजींनी त्याला लोटा दिला, पणजोबा विचारला, आणि तो मानोऱ्याकडच्या कुठल्याशा चुलत आत्याच्या नणंदेच्या घरचा निघाला. पाहुण्याला उपाशी कसे पाठवायचे? तो जेवला, दोन पिढ्या उजळल्या म्हणून डोळे पुसत निघून गेला. शबनम खुंटीला होती ती खुंटीलाच राहिली. माझ्या चळवळीला माझ्या एकाही तत्त्वाचा असा उपयोग झालेला नाही, हे कबूल करतो.

या घरात एक नाव घ्यायची बंदी होती. मामाजींच्या आजोबांचा धाकटा भाऊ, गोविंदा. कंपनी सरकारच्या काळात तो हिंगोलीच्या छावणीत गवताचे भारे विकायला गेला, एका साहेबाच्या घोड्यांवर चाकरीला राहिला, आणि साहेबाबरोबर पुण्याला गेला. तिथे अमेरिकेतून मॉर्मन नावाच्या नव्या पंथाचे प्रचारक आले होते. साहेब त्यांच्या नादी लागला. एके दिवशी त्या पंथात शिरायचे म्हणून साहेबाने नदीत बुडी घेतली, पाठोपाठ गोविंदानेही घेतली, आणि दोघे जहाजात बसून त्या पंथाच्या मुलखाला, एका खाऱ्या तळ्याकाठी, निघून गेले. ही बातमी एका गाडीवानाने आणली. आजोबांनी काय करावे? जातीला तेराव्याचे जेवण घालून जिवंत भावाची तेरवी केली. मग वंशावळीवाला भाट आला. आमच्याकडे घराण्याच्या पिढ्या भाटाच्या वहीत असतात. दर चार-पाच वर्षांनी मार्गशीर्षात तो येतो, वहीची पूजा होते, जुनी नावे वाचली जातात, नवी चढतात. त्या भाटाने गोविंदाच्या नावापुढे एक शब्द लिहिला: निर्वंश.

पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी कामरगावच्या पाटलाच्या नावे एक इंग्रजी पत्र आले. गावात इंग्रजी वाचणारा त्या दिवशी मीच. मामाजींच्या ओट्यावर वीसेक माणसांपुढे मी ते वाचून सांगितले. मार्था नावाच्या बाईने लिहिले होते की माझ्या पणजोबाने मरताना आपल्या बापाचे आणि गावाचे नाव मुलांना पाठ करायला लावले होते. ते हेच गाव असेल तर त्याच्या आधीच्या पिढ्यांची नावे कळवा. त्यांच्या पंथात म्हणे पूर्वजांची नावे हुडकून काढतात आणि त्यांच्या वतीने देवळात पाण्यात बुडी घेतात. सोबत गोविंदाच्या वंशजांची यादी होती. मुले, नातवंडे, पतवंडे मिळून चौऱ्याऐंशी.

मी भडकलो. जिवंत माणसे बाटवून भागले नाही, आता मेलेले बाटवणार? मामाजींनी मला शांतपणे थांबवले. "आपन पितरांले पानी देतो, ते पितरांच्या नावानं पान्यात बसते. पानीच त हाय ना, बाबू?" आणि यादीवर बोट ठेवून म्हणाले, "चौऱ्यांशी लेकरं. अन् आपल्या वहीत निर्वंश."

त्या दिवसापासून त्यांना दुसरे काम उरले नाही. त्यांनी शेतातून एक मोठी वाळली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, मुळासकट उपटून आणली आणि माजघराच्या तुळईला उलटी टांगली, मूळ वर, फांद्या खाली. पूर्वज वर असतात, माणूस खाली येतो, असे त्यांचे म्हणणे. वंशवृक्ष वर वाढलेला काढतात ते चुकीचे. प्रत्येक काटकीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी. इथल्यांना पांढरा दोरा, अमेरिकेतल्यांना निळा. दार उघडले की वाऱ्याने सारे घराणे कुरकुरायचे. पऱ्हाटी ही चुलीत घालायची वस्तू, त्यामुळे पावसाळ्यात जळण ओले झाले की आत्याची नजर त्या झाडावर जायची आणि मामाजी जेवताना पाट तुळईखाली मांडून बसायचे. मार्थाबाईला त्यांनी "आपली मार्थी" करून टाकले. लेक माहेरी आली नाही तर चोळीचा खण तरी पोचला पाहिजे, म्हणून टपालाने खण धाडला. तिने उलट कळवले की तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे. मामाजी आठवडाभर अस्वस्थ. "भितीले चोळी कायले घालून राह्यली ते?"

मार्थीने बायकांचीही नावे मागितली होती. भाटाच्या वहीत बाई नसते. पुरुषाला मूल होते ते जणू पऱ्हाटीला बोंड लागावे तसे. मी यावर पत्रक लिहायची धमकी दिली. मामाजींनी धमकी दिली नाही, ते बैलगाडी जुंपून निघाले. आमच्या वऱ्हाडातले मालेगाव, मानोरा, वाटेतली खेडी, जिथे या घरच्या लेकी-सुना होत्या तिथे जाऊन दारात बसले आणि म्हाताऱ्यांना त्यांच्या आज्यांची नावे विचारली. एका म्हातारीने आधी सोटा उगारला. मग म्हणाली की माझे माहेरचे नाव मलाच चाळीस वर्षांत कोणी विचारले नाही, थांब, आठवू दे. ते दोन दिवस तिथे थांबले.

एकदा त्यांनी माझ्यासाठीही चिठ्ठी फाडली. "तुह्यं बी नाव टाकतो. आत्याचा भाचा, म्हंजे आपलाच." मी ताडकन म्हणालो की मला कुठल्याही कुळाच्या खुंटीला बांधू नका, माझे नाव माणसांच्या यादीत असेल तेवढे पुरे. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. इतक्या मोठ्या विजयानंतर इतके लहान वाटल्याचे मला आठवत नाही. पण तेव्हा मी त्याचे कारण शोधले नाही.

सारे आता भाटावर अडले होते. मामाजींना दोन गोष्टी हव्या होत्या: मार्थीसाठी वहीतल्या जुन्या पिढ्या, आणि गोविंदापुढचा तो शब्द खोडून खाली चौऱ्याऐंशी नावे. भाट कबूल होत नव्हता. बाटलेल्याची नावे चढवली असे जातीत कळले तर बाकीची घरे त्याला दारात उभे करणार नव्हती. मामाजींनी त्याच्या गावी तीन खेपा घातल्या. त्याचाच पणजोबा त्याला माहीत नसलेला शोधून दिला, तेव्हा तो पाघळला. ठरले असे की येत्या मार्गशीर्षात तो नेहमीसारखा येईल, वही उघडेल, आणि पूजा आटोपून माणसे पांगली की मुकाट्याने लिहील. मामाजींनी मला हे कानात सांगितले. साठीचा माणूस, पण लग्न ठरलेल्या पोरासारखा हसत होता.

आणि मला राग आला. मुकाट्याने का? जिवंत भावाची तेरवी घालणाऱ्यांनी उजळ माथ्याने फिरायचे आणि चूक सुधारणाऱ्याने लपून? मी त्याच रात्री लिहायला बसलो. पत्रकाचे नाव 'जिवंताची तेरवी'. त्यात घराण्याचे आडनाव घातले नाही, एवढी अक्कल होती. गाव घातले, भाट घातला, त्याची भीती घातली, आणि शेवटी गर्जना केली की येत्या मार्गशीर्षात कामरगावात हा कलंक पुसला जाणार आहे, हिंमत असेल त्याने अडवावे. कारंज्याच्या बाजारात हजारभर प्रती वाटल्या. लोकांनी हिंमत केली.

मार्गशीर्षात भाट आला. गावातली सगळी घरे त्याने केली. मामाजी धुतलेले धोतर नेसून, फुले-गुलाल मांडून ओट्यावर बसले होते. वही डोक्यावर घेऊन तो समोरून गेला आणि मान वर न करता पुढच्या घरी शिरला. मामाजी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. फुले सुकली ती त्यांनीच गोळा केली.

ते मला ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. भांडणात मी पक्का. त्यांनी पत्रक मागितले, चष्मा लावून दोनदा वाचले, आणि घडी घालून परत दिले. "लिवलं खरं हाय," ते म्हणाले. "एक अक्षर खोटं नाही. पन बाबू, माह्यं काम होऊन राह्यलं होतं ना."

मी उत्तर दिले. तत्त्वाचे, लांबलचक. आता आठवून सांगता येईल, पण सांगत नाही.

पुढे जगात दुसरी मोठी लढाई लागली, अमेरिकेची पत्रे महिनोन्‌महिने रखडू लागली. मामाजींनी भाटाची आशा सोडली नव्हती. पुढच्या खेपेला येईल म्हणायचे. पुढची खेप आली तेव्हा ते नव्हते. त्या वर्षी मात्र भाट घरात आला, मामाजींच्याच पाटावर बसला आणि वही उघडली. मी यादी पुढे केली. त्याने माझ्याकडे न बघता धाकट्या मामाजींना विचारले, घरच्यांचे काय म्हणणे आहे? मी त्या वंशाचा नव्हतो, माझा शब्द त्या वहीत चालत नव्हता. धाकटे मामाजी गावाला भ्यायले आणि गप्प बसले. भाटाने बोरू शाईत बुडवला. मोठ्या मामाजींचे नाव शोधले, निवर्तल्याची तिथी घातली, आणि पुढे तोच शब्द लिहिला, जो गोविंदापुढे होता. नव्वद वर्षांत त्या वहीचे अक्षर बदलले होते, शब्द नाही.

लढाई संपल्यावर मार्थाबाईचे पत्र आले. मी कळवलेली निधनाची बातमी तिला पोचली होती. त्यांच्या घराण्याच्या पुस्तकात चौऱ्याऐंशी जणांबरोबर मामाजींचे पान घातले आहे, असे तिने लिहिले होते. पानावरच्या दोन जागा रिकाम्या होत्या, त्या मी भरून पाठवाव्या: पत्नीचे नाव आणि मुले.

पत्नीचे नाव आत्याने सांगितले. दुसऱ्या जागेसाठी माझी लेखणी उठेना. एका बैठकीत दोन पत्रके लिहिणारा मी एक शब्द लिहू शकत नव्हतो. आत्या चुलीपाशी होती, म्हणाली, "पऱ्हाटीवर पाह्य ना. भाऊजींनं समदं थ्या झाडाले लटकवून ठेवलं."

पऱ्हाटी तिने जाळली नव्हती. पाटावर चढून मी मामाजींची काटकी शोधली. तिला त्यांची चिठ्ठी, तिच्या शेजारी बायकोची, आणि त्या दोघांच्या खाली पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली आणखी एक, खिशात घडी पडून पडून मऊ झालेली. तिच्यावर माझे नाव होते. खाली बारीक अक्षरात: आत्याचा भाचा.

मी पाटावरून उतरलो आणि झाडावर होते तसे त्या रिकाम्या जागेत उतरवून पत्र टपालात टाकले. त्यात माझ्या पदरचे एक अक्षर घातले नाही.