स्क्रू कोणत्या खात्याचा?

"मी जिती हाओ, दिसून नाही राहिलं का तुमाले?" सुमनबाई खिडकीवर कडाडल्या.

"मले दिसून काय फायदा, मावशी? मशीनले दिसलं पाहिजे," आतला बाबू म्हणाला.

सुमनबाई नंदनवन वस्तीतल्या. पतीच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनवर त्यांचे घर चालते. त्यासाठी दरवर्षी अंगठा लावून हयातीचा दाखला, म्हणजे आपण अद्याप मेलेलो नाही याचा पुरावा, द्यावा लागतो. मुदत चुकली की पेन्शन बंद. आणि मुदत त्याच दिवशी संपत होती.

अंगठ्याची मशीन मात्र वायरीला लोंबकळत होती. तिला टेबलाशी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा स्क्रू पडला होता. उचलून धरली की दिवा लागे, सोडली की विझे.

"हार्डवेअर प्रॉब्लेम," बाबूने निदान केले आणि चहा मागवला.

सुमनबाईंनी मला गाठले. मी याच कार्यालयाच्या फाटकाशी बसून अर्ज लिहितो. शिक्षण नववी; तथापि माझा मसुदा वाचताना भलेभले साहेब खुर्चीत सरळ होतात, हे नमूद करणे प्राप्त आहे.

प्रथम कॉम्प्युटर सेक्शन. तेथील साहेब म्हणाले, "हार्डवेअर म्हणजे मशीन. मशीन ओके आहे. स्क्रू बांधकामवाल्यांचा."

बांधकाम शाखेचे इंजिनिअर म्हणाले, "आमचं हार्डवेअर म्हणजे कडी, कोयंडा, बिजागरी. कॉम्प्युटरच्या स्क्रूले आम्ही काहून हात लावाचा?"

"महाल भागातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल हा स्क्रू," मी म्हटले.

"मिळन ना! बसवाचा कोणाच्या अधिकारात?"

प्रश्न माझ्या तोलाचा होता. हार्डवेअर या संज्ञेची व्याप्ती, उभय खात्यांची जबाबदारी आणि विलंबाचे परिणाम यांवर मी सविस्तर अर्ज सिद्ध केला. तो पोहोचल्याचा आवक शिक्का घेऊन विजयी मुद्रेने परतलो, तो सुमनबाई खिडकीतून हात बाहेर काढत होत्या.

"झालं गा भाऊ! डाव्या हातानं मशीन धरली, उजवा अंगठा लावला."

पेन्शन सुरू राहिली. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांना नोटीस आली : शासकीय हार्डवेअरला विनापरवानगी हात लावल्याबद्दल खुलासा सादर करावा. खाली दोन्ही खात्यांच्या सह्या. स्क्रूवर न झालेले एकमत बाईंच्या हातावर तत्काळ झाले होते.

खुलासा अर्थातच मी लिहिला, एका वाक्याचा : "अर्जदार हयात असल्याने सदर हात हलला."

तो मंजूर झाला. स्क्रूचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. वाचकांनी बोध घ्यावा तो इतकाच : कार्यालयात जाताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत. कागद धरायला मी फाटकाशी आहेच.