गोळ्यांचे खाडे

आणि तरी आमच्या दादाचं आपलं एकच पालुपद... मी कळंबोलीला जीव द्यायला निघालो होतो म्हणे! पोस्टकार्डं झाली, निरोप झाले, तोंडानं सांगून झालं. आता तुम्हा सगळ्यांसाठीच लिहितो, गावच्या मंडळाच्या फळ्यावर लावा. दादा तिथं पेपर वाचायला येतोच, हेही वाचेल.

गोळ्या कसल्या ते आधी सांगतो. मागल्या वर्षी इथल्या लोखंड बाजारात आमच्या माथाडी टोळीतला तानाजी माझ्या शेजारी उभा होता. ट्रेलरवरची पत्र्याची कॉइल सुटली आणि तो राहिला नाही... मला खरचटलंसुद्धा नाही.

त्यानंतर झोप गेली. जेवण समोर आलं की नुसता बघत बसायचो, खोलीतल्या पोरांशी उगाच भांडायचो. शेवटी पनवेलला डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, मनपण आजारी पडतं, ही गोळी रोज झोपताना एक घे, मधेच सोडू नकोस.

घेतल्या... आणि खरं सांगतो, हळूहळू भाकरीला चव लागायला लागली.

पण बोललो कुणाला नाही. वेड्याच्या गोळ्या म्हटलं की माणूस संपला. यात्रेला गावी आलो तेव्हा पाकीट इथंच ट्रंकेत ठेवून आलो... घरात कुणी बघितलं असतं तर काय सांगणार होतो? आठवडाभर तुमच्यात नाचलो, पालखीला खांदा दिला. गोळी एक नाही.

आता आमच्या टोळीची रीत ऐका. खाडा झाला तर तो अंगावर ठेवायचा नाही. तू नव्हतास तेव्हा तुझ्या वाटणीचं लोखंड दुसऱ्यानं उचललेलं असतं, आल्यावर तू त्याच्या वाटणीचं उचलायचं. खाडा भरला की परत सगळ्यांच्या बरोबरीचा.

डॉक्टर म्हणाला होता सोडू नकोस, आणि माझे तर इतके खाडे पडलेले... परत आलो त्या सकाळीच ट्रंक उघडली. चुकलेल्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या, वर तांब्याभर पाणी प्यालो आणि कामावर गेलो. लई बरं वाटलं, अंगावरचं फिटलं म्हणून.

दुपारच्या आत तोंडाला अशी कोरड पडली की जीभ उचलेना. डोळ्यांपुढं सगळं धूसर, छाती धाडधाड उडत होती. क्रेनची साखळी धरून उभा होतो आणि पाय गेले... टोळीनं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं विचारलं, किती घेतल्यास? सांगितलं. तो म्हणाला, मरायचं होतं का? मग हवालदार जबाब घ्यायला आला, त्याचंही तेच. छातीला तारा लावून ठेवलेलं, मी नाही नाही म्हणत होतो आणि तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता.

दादा गावाहून आला. मला काय झालं एवढं एकदा विचारायचं होतं रे त्यानं... ते नाही. आमच्या मुकादमासमोर, नानासमोर म्हणाला, "ह्याचं डोकं पहिल्यापासून असलंच. शाळा सोडली, तालीम सोडली, आता जीव सोडत होता." नानाच्या एका शब्दावर माझी रोजी. सख्ख्या भावानं तिथंच काडी लावली.

बरा होऊन टोळीत गेलो तर नाना साखळीला हात लावू देईना. साखळी मी धरायचो आणि खाली माल लावायला टोळीतला किसनदा असायचा. "ज्याला सोत्ताचा जीव नको त्याच्या हातात किसनचा जीव कसा देऊ, लेका?"

त्याचं चूक नव्हतं. तानाजीला जाताना सगळ्यांनीच बघितलेलं. पण टोळी सुटली तर मला गावी येऊन दादाच्या हाताखाली राबावं लागणार होतं... रोज त्याचं तेच ऐकत.

मग मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. गोळ्या, ट्रंक, यात्रा... काही ठेवलं नाही. टोळी चहाचे ग्लास धरून ऐकत होती.

"म्हंजे तू खाडे भरत हुतास व्हय रं?" नाना म्हणाला.

"होय नाना."

"आन समदे एका सकाळी?"

"होय."

मग किसनदाला हसू फुटलं. "येडं का खुळं हे! आरं, आठ दिस उपाशी ऱ्हायलास म्हणून आठ दिसांच्या भाकरी एका ताटात खाशील का?" सगळी टोळी हसली. मीपण हसलो... नाक पुसत पुसत.

टोळीत ठेवलं मला. पण नाना म्हणाला, डॉक्टरनं लिहून दिल्याबगर साखळी नाही, तोवर मालाखाली टेकवायची लाकडं सरकवायची, अर्ध्या हिश्श्यावर. गोळ्या आता नानाच्या पेटीत असतात. जेवणं झाली की हाक येते, "चल, हजेरी लाव." कुणी वेडा म्हणत नाही.

डॉक्टरनंही परत बजावलंय... चुकली ती चुकली, भरून काढायची नाही, काही झालं तर आधी येऊन विचार.

दादाला पटायचं तेव्हा पटेल. नाही पटलं तर राहिलं. आईला एवढं वाचून दाखवा की मी जेवतो, झोपतो, आणि मला मरायचं नव्हतं.

मनीऑर्डर या वेळी दादाच्या नाही, तिच्या नावानं केली आहे. हिस्सा अर्धा, म्हणून रक्कम कमी... तीनशे रुपये.