कोपराने बघितलेलं पाणी

आमच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचे मागचे पाय गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्याला पोहायला न्या. कोमट पाण्यात सांधे मोकळे होतात, अंगाचा भार पायांवर येत नाही. तो पुन्हा चालेल, एवढंच मी ऐकलं. डोंबिवलीहून घोडबंदर रोडला कुत्र्यांच्या तलावावर जायचं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडायची. मोडली.

पहिल्यांदा त्याला जाकीट घालून पाण्यात सोडलं आणि घरी फरशीवर फरफटणारे ते पाय पाण्याखाली चक्क चालायला लागले. मी वेड्यासारखी रडले. आई मात्र काठावर वाकली, पाण्यात कोपर बुडवलं आणि तोंड वाकडं केलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी बाळांना आईने न्हाऊ घातलंय. पाणी चांगलं कढत हवं, बाळ लालबुंद व्हायला हवं, तरच हाडं बळकट होतात, हे तिचं शास्त्र. आणि ते पाणी बघायचं ते कोपरानेच.

"अगं, गार आहे हे," ती तिथल्या मुलीला म्हणाली. "वाढव ना जरा. म्हातारी हाडं आहेत."

"काकी, आपल्याला गार वाटतं. त्याला बरोबर आहे."

आई कसली ऐकते! दर खेपेला कोपर, दर खेपेला तेच. शेवटी त्या मुलीने कंटाळून पाणी थोडं वाढवलं.

त्या दिवशी तो जोरात पोहला. जीभ बाहेर, तोंड उघडं. "बघ कसा खुशीत आहे," आई म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मग त्याची जीभ जांभळट झाली आणि पाय थांबले. बाहेर काढून पंख्याखाली ओले टॉवेल घातले, तेव्हा कुठे श्वास जागेवर आला.

डॉक्टरांनी तपासलं. त्याचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं. पोहताना कुत्रा आतून तापतो, पाणीही गरम असलं की तो ताप बाहेर जायला वाट राहत नाही, आणि सगळा ताण छातीवर येतो. मग पाणी गार करून बघितलं. श्वास नीट राहिला, पण पाय आखडले. तो कुडकुडत माझ्याकडे बघत राहिला. मधलं पाणी करून बघितलं, तर थोडी धापही लागली आणि थोडे पायही आखडले. इकडे आड, तिकडे विहीर. पायांना हवं ते पाणी छातीला सोसत नव्हतं आणि छातीला सोसेल त्यात पाय हलत नव्हते. पोहणं बंद झालं. तो आता चालणार नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण काढणार कुणावर? त्याचं जड डोकं मांडीवर घेऊन तेवढ्या ट्रॅफिकमध्ये आईच बसायची. तिच्यामुळे काही झालेलं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगितलं. ती नुसती मान हलवते.

आता रोज सकाळी बाल्कनीत त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं असतं. आई बादली भरते, वाकते, कोपर बुडवते आणि तशीच थांबते. मग मला हाक मारते.

"बघ गं जरा. बरोबर आहे का?"

आयुष्यात कधी तिने पाणी कसं आहे, हे कुणाला विचारलं नव्हतं. मी हात घालते. मला काही कळत नाही.

"बरोबर आहे," मी म्हणते.