थैल्यांतली वांगी

त्या वर्षी दक्षिणेत कुठेतरी जनुकं बदललेल्या कापसाची शेतं पेटवल्याच्या बातम्या येत होत्या. मग लखनौत आमच्या संस्थेसमोरही घोषणा सुरू झाल्या. मला त्या लोकांचा राग नव्हता, खरं सांगते. त्यांचं सगळंच काही चूक नव्हतं. पण रोज ‘वापस जाओ’ ऐकत फाटकातून आत शिरायचं म्हणजे डोक्याला ताप. जाऊ कुठे, जळगावला?

माझं काम देशी वांग्यांवर होतं. त्यातलं एक गोल, हिरवट-पांढरं वांगं गोमतीकाठच्या गावांतून आणलेलं. आता तिथेही ते कुणी लावत नव्हतं. जुनं बी नीट उगवेना, म्हणून उरलंसुरलं सगळं मी त्याच हंगामात पेरून टाकलं होतं. मधमाश्यांनी दुसऱ्या वांग्याचे पराग आणले की जात बिघडते, म्हणून कळी उमलायच्या आत तिच्यावर कागदी थैली बांधायची. वाकून वाकून कंबरेचे टाके ढिले व्हायचे. बदललेली रोपं म्हणाल, तर ती आत प्रयोगशाळेत होती, काचेच्या बाटल्यांत, बोटाएवढी.

एका दुपारी चारबागहून मोर्चा आला आणि या वेळी फाटकाशी थांबलाच नाही. शेतात थैल्या दिसल्या. झालं! एवढं झाकून ठेवलंय म्हणजे विष तेच, असं त्यांनी धरलं. मी धावत पोचेपर्यंत झाडं उपटून पेटवलीसुद्धा होती. मी सांगत होते, पण कोण ऐकतंय.

साहेबांनी आधी बाटल्या पाहिल्या. त्या शाबूत होत्या, म्हणून मला म्हणाले, नशीब, आपलं काही गेलं नाही. त्यांच्याशी भांडायचं त्राणच नव्हतं. मी बांधावर बसले आणि रडले.

काही दिवसांनी मोर्चाच्या पुढे चालणारे एक गृहस्थ निशातगंजला आमच्या घरी आले. बोलणं अदबीचं. मीही सवयीने चहा टाकला. मी देशी वांग्यांचं काम करते हे त्यांना कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं. ते जुनं गोल वांगं त्यांना गावोगावी पुन्हा लावायचं होतं. मूठभर बी मिळालं तरी चालेल, म्हणाले.

“था, भैया,” मी म्हटलं. “थैलियाँ उसी पर बँधी थीं.”

त्यांनी कप खाली ठेवला. कुठे डब्यात वगैरे थोडं तरी राहिलं असेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मला नाहीच म्हणावं लागलं.